खेपेची तारीख

साखर कारखान्यात दिवस पहाटे चार वाजता सुरू होतो. चार ते बारा, बारा ते आठ आणि रात्री आठ ते पहाटे चार अशा आमच्याकडे तीन पाळ्या. तिसरी पाळी उतरली की त्या दिवसाचं गाळप बंद होतं, आणि गव्हाणीत पडणारी पुढची मोळी नव्या दिवसात मोजली जाते. कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या संगणक विभागात मी नोकरी करते. काल किती खेपा आल्या आणि किती टन ऊस आला, हे रोज सकाळी काढून देणं हे तिथलं अगदी किरकोळ काम समजलं जातं. कारखान्यातल्या बहुतेकांची कमाई या किरकोळ आकड्यावर ठरते, म्हणून त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या डेटाबेसमध्ये एक ओळ म्हणजे एक खेप. बैलगाडीची असेल तर दीड-दोन टनांची, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरची असेल तर वीस टनांच्या आसपास, ओळ एकच. तीत शेतकऱ्याचा कोड, गाडीचा नंबर, ऊस तोडणाऱ्या टोळीचा नंबर, ऊस आडसाली की खोडवा, दोन वजनं आणि तीन ठिकाणची वेळ असते. यार्डात गाडीचा नंबर लागला ती पहिली. भरलेली गाडी काट्यावर चढली ती दुसरी. रिकामी होऊन गाडी परत काट्यावर आली ती तिसरी. निव्वळ वजन तेव्हाच कळतं आणि पावतीही तेव्हाच छापते. हंगाम भरात असला की यार्डात रांग लागते आणि पहिल्या नोंदीपासून तिसरीपर्यंत बारा-चौदा तास सहज जातात. समजा, चौदा तारखेला संध्याकाळी आलेली गाडी पंधराच्या पहाटे साडेतीनला भरलेली मोजली आणि साडेचारला रिकामी. ही खेप कोणत्या तारखेची?

कॅलेंडर धरलं तर यार्डात ती चौदाची आणि काट्यावर दोन्ही वेळा पंधराची. कारखान्याचा दिवस धरला तर यार्डात चौदाची, भरलेल्या वजनाला चौदाची आणि रिकाम्या वजनाला पंधराची. ओळीत तारीख नसतेच, क्षण असतात. क्षणावरून तारीख काढायला एक एक्स्प्रेशन लिहावं लागतं, आणि मग ओळी मोजल्या जातात त्या एक्स्प्रेशनच्या उत्तरानुसार. कोणती वेळ घ्यायची आणि दिवस कुठे तोडायचा, हे दोन निर्णय त्यात बसलेले असतात. क्वेरी लिहिणारा ते निर्णय न घेता पुढे गेला, तर डेटाबेस स्वतःच्या सवयीने मध्यरात्रीला दिवस तोडतो आणि एक आकडा देतो. आकडा नेहमी येतोच, हीच यातली मोठी अडचण आहे.

जुन्या प्रोग्रॅममध्ये यासाठी पानभर अटी होत्या. तास चारपेक्षा कमी असेल तर आदली तारीख घ्या. आज एक तारीख असेल तर मागच्या महिन्याची शेवटची घ्या. तो महिना फेब्रुवारी असेल तर लीप वर्ष बघा. त्याऐवजी वेळेतून चार तास वजा करायचे, जे उरेल त्याची तारीख घ्यायची आणि त्यावर ग्रुप बाय करायचं. पंधराच्या पहाटेचे 3:59 हे चौदाच्या रात्रीचे 11:59 होतात, आणि 4:00 चे पंधराचे 0:00. महिना, वर्ष, लीप वर्ष सगळं आपोआप जुळतं. हे एक्स्प्रेशन मला मनापासून आवडतं. त्यात कारखान्याचा एक जुना करार आहे, आणि तो चार तासांच्या एका वजाबाकीत मावला आहे.

काट्यावर आमच्याकडे एक ज्येष्ठ कारकून होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दिवस चारलाच का बदलतो, असं मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, तिथीसुद्धा सूर्योदयाची धरत्यात. बाराला कोण दिवस बदलतंय? घड्याळ." पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हे मला माहीत होतं, काट्यावरच्या नोंदीशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. अण्णांनी पाळीचं रजिस्टर दाखवलं. चारचा भोंगा झाला की ते लाल रेघ मारत आणि रेघेखाली नवी तारीख लिहीत. माझं एक्स्प्रेशन म्हणजे ती लाल रेघ होती, आणि ती नेमकी कुठे मारायची हे त्यांच्याकडूनच शिकायला हवं होतं.

कारण रेघ एवढी सरळ नव्हती. काही दिवसांच्या मोजणीत आदल्या दिवशी खेपा जास्त आणि त्या दिवशी कमी येत होत्या. कोणत्या तासाला किती खेपा, अशी मोजणी केली तेव्हा मध्यरात्री बरोबर 0 वाजून 0 मिनिटं 0 सेकंदांनी आलेल्या खेपांचा ढीग दिसला. काट्यावर इतक्या गाड्या एका क्षणी चढू शकत नाहीत. वीज गेली किंवा काट्याचा संगणक बंद पडला की पावत्या हाताने लिहिल्या जात, आणि नंतर संगणकात भरताना फक्त तारीख टाकली जाई. वेळ रिकामी राहिली की डेटाबेस मध्यरात्र लिहितो. त्यातून चार तास वजा केले की खेप आदल्या दिवशी जाते. हाताने लिहिलेल्या पावतीवरची तारीख मात्र अण्णांच्या लाल रेघेनुसार आधीच बरोबर होती. म्हणून एक्स्प्रेशनमध्ये केस व्हेन आलं: नोंद हातपावतीची असेल तर तारीख आहे तशी घ्या, नसेल तर चार तास वजा करा. नियम एका ओळीचा दोन ओळींचा झाला, पण वीज गेलेल्या रात्री राबलेल्या माणसांच्या खेपा आपल्या दिवशी परत आल्या.

या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांप्रमाणे आमचाही जुना सगळा डेटा फॉक्सप्रोमध्ये होता. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची नववी आवृत्ती 2004 ची. पुढची निघणार नाही हे 2007 मध्ये जाहीर झालं आणि 2015 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आधारही थांबवला. फॉक्सप्रोबद्दल मला कृतज्ञताच वाटते, कमी ताकदीच्या यंत्रांवर त्याने हंगामामागून हंगाम ओढले. पण डेटा पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसमध्ये आणायची वेळ आली तेव्हा काही फायलींत तारखा मजकूर म्हणून निघाल्या. 06/12/98 म्हणजे सहा डिसेंबर, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आयात करणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र तो बारा जून वाचला. यातली फसवी गोष्ट अशी की तेरा तारखेपासून पुढे चूक होऊच शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस तेवढे उलटतात, बाकी सगळं ठीक दिसतं. लाखो ओळींत डोळ्यांनी हे सापडलं नसतं. मी महिन्यानुसार मोजणी लावली आणि जून, जुलै, ऑगस्टमध्ये खेपा दिसल्या. पावसाळ्यात गाळप नसतं, गव्हाण कोरडी असते. गाळप बंद असलेल्या महिन्यांत आलेला ऊस शोधला की उलटलेल्या तारखा एकेक करून हाती लागल्या. फेब्रुवारी आणि मार्च एकमेकांत बदलले तर दोन्ही हंगामातलेच, तिथे ही युक्ती चालत नाही. त्यासाठी पावतीचे क्रमांक चढत्या क्रमाने लावून तारीख कुठे मागे उडी मारते ते पाहिलं.

आता पंधरवड्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त मला तिथेच शिकायला मिळालं.

तोडणी-वाहतुकीची बिलं पंधरवड्याची निघतात: एक ते पंधरा आणि सोळा ते महिनाअखेर. बहुतेक डेटाबेसमध्ये दिवस, आठवडा, महिना, तिमाही काढायची तयार सोय असते, पंधरवड्याची नसते. तो आपण लिहायचा: तारखेचा दिवस पंधरापर्यंत असेल तर पहिला, नाहीतर दुसरा. दुसरा पंधरवडा कधी सोळा दिवसांचा, कधी पंधरा, फेब्रुवारीत तेरा किंवा चौदा. म्हणून दोन पंधरवड्यांच्या खेपा शेजारी ठेवून टोळीचं काम घटलं म्हणणं अन्यायाचं असतं, दिवसांनी भागावंच लागतं. हे इतपत सोपं.

नवी प्रणाली आली तेव्हा बिलांचं काम बाहेरच्या एका कंपनीने केलं होतं. पहिल्या पंधरवड्याची बिलं वाटल्यावर बीडकडच्या एका टोळीचे मुकादम आमच्या विभागाच्या दारात आले. त्यांना शेतकी विभागाने पाठवलं होतं, शेतकी विभागाकडे हिशोब विभागाने. हातात पावत्यांचा गठ्ठा, रबर लावलेला, तारखेवार. म्हणाले, "ताई, पावत्या माझ्याकडं हायेत. बिलात तीन खेपा कमी धरल्यात. एवढं बघून द्या." मी पावत्या टेबलावर मांडल्या. बिलात नसलेल्या तिन्ही पंधरा तारखेच्या होत्या.

क्वेरीत लिहिलं होतं: तारीख एक आणि पंधरा यांच्या बिट्वीन. जुन्या फायलीत तो रकाना निव्वळ तारखेचा होता, तिथे हे वाक्य बरोबर होतं. नव्या टेबलात त्याच रकान्यात तारीख आणि वेळ दोन्ही आले, आणि 'पंधरा तारीख' या शब्दांचा अर्थ झाला पंधराच्या मध्यरात्रीचा पहिला क्षण. त्यानंतर आलेला पंधराचा सगळा ऊस पहिल्या बिलात नव्हता आणि सोळापासून सुरू होणाऱ्या दुसऱ्यातही येणार नव्हता. एकट्या या टोळीच्या नाही, सगळ्या टोळ्यांच्या आणि सगळ्या वाहनांच्या खेपा. बाकीच्यांनी बिल पाहून काहीतरी कमी आहे असं म्हटलंही असेल. पावत्या जपून, लावून, जुळवून आणणारे हे पहिले.

दुरुस्ती साधी होती: एक तारखेपासून, सोळा तारीख सुरू होण्याच्या आधीपर्यंत. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. असे तुकडे एकमेकांना बिनफटीचे चिकटतात, एकही क्षण दोनदा येत नाही आणि एकही सुटत नाही. तेव्हापासून विभागात बिट्वीन वेळेच्या रकान्यावर वापरायचं नाही असा नियम आहे आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही. मुकादमांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती या बिलांतून फिटते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी मानेवर राहते. एका दिवसाच्या खेपा गेल्या तर त्यांच्या हिशोबात कर्ज तेवढं मोठं उरतं.

पण दुरुस्तीनंतर दुसरा प्रश्न वर आला. सोळाच्या पहाटे दोनला रिकामी झालेली गाडी गाळपाच्या हिशोबात पंधराची. बिलात? क्वेरीने कॅलेंडर धरलं होतं, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात. दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर आणि दर पंधरवड्याच्या कडेला त्यांच्यात फरक. यावर शेतकी, हिशोब, काटा आणि आम्ही असे एकत्र बसलो. हिशोब विभागाला कॅलेंडर हवं होतं, शेतकीला गाळपाचा दिवस. माझं म्हणणं एकच होतं: पावतीवर जी तारीख छापली आहे तीच बिलात धरा. ती कोणत्या नियमाने आली यावर वाद घालूया, पण ज्याच्या हातात पावती आहे त्याला आमची मोजणी स्वतः करून बघता आली पाहिजे. मुकादमांना गठ्ठा लावून तीन खेपा सापडल्या त्या एवढ्यासाठीच की कागदावर तारीख होती. शेवटी पावतीवर 'गाळप दिनांक' ठळक छापायचं ठरलं, घड्याळाची वेळ त्याखाली, आणि बिल गाळप दिनांकावर. एक्स्प्रेशन एकाच ठिकाणी, डेटाबेसच्या एका व्ह्यूमध्ये ठेवलं. पावती, बिल आणि पुण्याच्या साखर आयुक्तालयाला रोज जाणारा आकडा, सगळे तिथूनच घेतात.

पुढे सर्व्हर कारखान्यातून उचलून भाड्याच्या क्लाउडवर गेला आणि वेळा जागतिक वेळेत साठू लागल्या. साठवणं योग्यच आहे. पण नवा लिहिलेला एक अहवाल त्या वेळेवरून थेट तारीख काढत होता. जागतिक वेळेची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेपाच. आमचा दिवस चारला सुरू होतो, त्यामुळे चूक फक्त चार ते साडेपाचच्या खेपांची. रोज पहाटे दीड तासाचा ऊस आदल्या दिवशी जायचा आणि दुसऱ्या पहाटेचा तेवढाच आत यायचा. रोजची बेरीज जवळपास बरोबर, हंगामाची तर अगदी तंतोतंत. मध्यरात्रीला दिवस तोडणारी क्वेरी चार तासांनी चुकली असती आणि लगेच पकडली गेली असती. ही योगायोगाने बरोबरच्या इतकी जवळ होती की दिसेना. साफसफाईसाठी मिल थांबून पहाटे चारला सुरू झाली, तेव्हा बंद असलेल्या दिवसावर काही खेपा उमटल्या आणि ती सापडली. आता एक्स्प्रेशनमध्ये आधी वेळ आशिया/कोलकाता या विभागात आणायची, मग चार तास वजा करायचे, मग तारीख. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती आणि 1955 पर्यंत शहरात ती चालू होती; त्या काळात हे काम करणाऱ्याला आणखी एक वजाबाकी ठेवावी लागली असती. एवढं सगळं रकान्यावर चढवलं की साधा इंडेक्स वापरला जात नाही आणि बारा-पंधरा हंगामांच्या टेबलावर अहवाल रेंगाळतो. पोस्टग्रेसमध्ये एक्स्प्रेशनवरच इंडेक्स करता येतो, तो केला.

बंद दिवसांचा विषय निघालाच आहे तर ग्रुप बायचा एक दोष सांगते. ज्या दिवशी एकही खेप नाही तो दिवस उत्तरात येतच नाही. पाऊस झाला, बॉयलरची नळी फुटली, ऊस नाही म्हणून मिल थांबली, ते दिवस गायब होतात आणि 'रोजची सरासरी' फुगते. टोळ्यांना मात्र ते दिवस चुकत नाहीत. त्यांच्या कोप्यांवर चूल त्या दिवशीही पेटवावी लागते. म्हणून हंगामाच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सगळे दिवस जनरेट सिरीजने तयार करून त्यांना खेपा लेफ्ट जॉइनने जोडायच्या. तिथेही काउंटमध्ये तारा टाकला तर रिकाम्या दिवसाची ओळ एक म्हणून मोजली जाते. खेपेचा क्रमांक मोजला तर शून्य येतं. ते शून्य दिसणं मला महत्त्वाचं वाटतं. मी अहवालात त्यासमोर बंदचं कारण लिहायचा रकाना ठेवला आहे.

शेतकऱ्यांच्या बाजूने तारखेचा अर्थ वेगळाच. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर दरसाल 15 टक्के व्याज. पुरवठ्याच्या तारखेत 14 मिळवायचे, आजची तारीख त्यापुढे गेली असेल आणि पैसे दिल्याची तारीख रिकामी असेल अशा ओळी मोजायच्या. कोणत्याही कारखान्यात संचालकांना न आवडणारी पण सगळ्यात आधी काढावी अशी ही मोजणी. त्या मानाने हंगाम आणि आर्थिक वर्ष काढणं निर्मळ काम: तारखेत तीन महिने मिळवून वर्ष घेतलं की ऑक्टोबर ते सप्टेंबरचं साखर वर्ष मिळतं, तीन महिने वजा करून घेतलं की एप्रिल ते मार्चचं.

एक मोजणी मात्र कुठल्याही एक्स्प्रेशनने जमत नाही. रोज किती टोळ्या कामावर होत्या, हे डिस्टिंक्ट लावून निघतं. किती कोयते होते, हे करारावरून निघतं. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि करारात नाव बहुधा नवऱ्याचं. पहाटे फडात उभी असलेली, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवणारी बाई आमच्या टेबलात ओळ म्हणून नाही. जिची ओळच नाही तिला काउंट कसं मोजणार? पुढच्या हंगामापासून कोयत्याच्या नोंदीत दोन नावं, दोन आधार क्रमांक घ्यावेत असं मी लिहून दिलं आहे. शेतकी विभागाने हरकत घेतलेली नाही. नोंदणीचे अर्ज नव्याने छापावे लागतील म्हणाले.

त्याच लेखी मागणीबरोबर चौथी वेळ मागितली आहे: ऊस तोडला ती. तोडल्यावर ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो, आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. सध्या चिटबॉय फडात चिठ्ठी फाडतो तिच्यावर फक्त तारीख असते, तास नसतो. मोबाइलवरून चिठ्ठी द्यायची चाचणी एका गटात झाली आहे. ती सगळ्या गटांत लागली तर तोडणीपासून काट्यापर्यंत किती तास गेले, हे खेपेगणिक मोजता येईल, आणि चोवीस तासांपुढच्या खेपा कोणत्या दिवशी, कोणत्या गटात साचतात हे मी पहिल्या पंधरवड्याच्या बिलांबरोबरच काढून देणार आहे.